तिसरी भेट

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रति,
पाहणी विभागप्रमुख, गृह कार्यालय

महोदय,

काल, सोमवार, ३ फेब्रुवारी रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपल्या कार्यालयाच्या माणसाने माझ्या दारावर खळ फासून एक कागद डकवला. अकरा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी दुसऱ्या माणसाने खालच्या जिन्याजवळचं माझं विजेचं मीटर काढून नेलं. कागदावर लाल इंग्रजी अक्षरांत एकच शब्द आहे: व्हेकंट. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं आहे, की तिसऱ्या मजल्यावरच्या खोली क्रमांक तेवीसमध्ये कोणी राहत नाही. शुक्रवार, २८ फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता ती सील होईल. आणि इमारत पाडल्यावर राहत्या भाडेकरूंना मिळणारी बदली खोली तेवीस नंबरला मिळणार नाही.

तेवीस नंबरमध्ये मी राहते. एकतीस वर्षं राहते. आत्ता हे पत्र खिडकीशी बसून लिहिते आहे, कारण दिवा आपण नेलात.

मी टेलिफोन एक्स्चेंजमधून पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. चुकीचं विशेषण वापरलं की तिथल्या सिस्टर उलट्या हातावर पट्टी मारायच्या. ती पट्टी घेऊन आपल्या कार्यालयात यावंसं वाटतं आहे. व्हेकंट हे विशेषण एखाद्या जागेला लावायचं, तर आधी त्या जागेत डोकावावं लागतं. आपल्यापैकी कोण डोकावलं?

काल त्या वेळी मी भाजी आणायला गेले होते, नाहीतर तिथल्या तिथे विचारलं असतं. कागद काढावा, मीटर परत बसवावं आणि चूक झाल्याचं लेखी कळवावं.

आपली,
तेवीस नंबरची भाडेकरू

*

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

खोली क्रमांक २३ च्या दारावर डकवण्यासाठी

आपला ४ तारखेचा अर्ज पोचला.

इमारत रिकामी करण्यापूर्वी प्रत्येक खोलीला तीन भेटी देण्याची पद्धत आहे. तीनही भेटींत कोणी दार उघडले नाही, तर खोली व्हेकंट धरली जाते. आपल्या खोलीच्या भेटी अशा: ९ जानेवारी, सकाळी ११.१०, १६ जानेवारी, सकाळी ११.१५, २३ जानेवारी, दुपारी ३.३०. तीनही वेळा दार ठोठावले, हाक मारली, पाच मिनिटे वाट पाहिली. उत्तर आले नाही.

व्हेकंट खोलीचा पत्रव्यवहार टपालाने करता येत नाही, कारण घेणारा नसतो. म्हणून हे उत्तर दारावर डकवले आहे.

पाहणी विभागप्रमुख

*

सोमवार, १० फेब्रुवारी

महोदय,

आपलं उत्तर मी ओल्या फडक्याने दारावरून सोडवून घेतलं. दुसऱ्या ओळीवर फुगा आला आहे, पण वाचता आलं. रिकाम्या घराला पत्र लिहिणारं कार्यालय मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. घेणारा नसतो, तर लिहिता कोणाला?

शनिवारी मी स्वतः आपल्या कार्यालयात आले. आपण रजेवर होता. खिडकीतल्या कारकुनाशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देते.

मी म्हटलं, "मी तेवीस नंबर. मी आहे. बघा."

तो म्हणाला, "बाई, तुम्ही आहात ते दिसतंय. पण तुम्ही इथे आहात."

"मग?"

"म्हणजे तिथे नाही आहात. आम्हाला तिथे असलेलं माणूस लागतं. दारात उभं. आमच्या माणसाने आपल्या डोळ्यांनी बघितलेलं."

"मग आत्ता चला माझ्याबरोबर."

"आत्ता? आत्ता चहाची वेळ आहे."

मागचा एकजण म्हणाला, "आजी, फोन करा की." फोन मी केला होता. चार वेळा. एक बाई सांगते की आपला फोन आम्हाला मोलाचा आहे, आणि मग बासरी लावते. चौतीस वर्षं मी लोकांना थांबवून ठेवलं, पण बासरी कोणाला ऐकवली नाही.

हे झालं हसण्यावारी. आता जे लिहिते त्यात हसण्यासारखं काही नाही.

काल दुपारी तीन वाजता माझ्या दाराच्या कुलपात कोणीतरी किल्ली घातली. ठोठावलं नाही, सरळ किल्ली. ती फिरली नाही. दुसरी घातली. मग तिसरी. मी आत मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मोजत होते. सात किल्ल्या झाल्या. मग एक पुरुष स्वतःशीच म्हणाला, "हरकत नाही, अजून आहेत," आणि खाली गेला. आमच्या जिन्यावर आता चोवीसपैकी तेवीस दारांमागे खरंच कोणी नाही. मी ओरडले असते तर ऐकायला उंदीरसुद्धा नव्हता.

हे आपल्या कागदामुळे झालं. एखादी खोली एम्प्टी आहे असं म्हटलं, तर आत काय नाही एवढंच कळतं. डबा एम्प्टी असतो, खिसा एम्प्टी असतो. पण व्हेकंट खुर्ची म्हणजे जिच्यावर आता दुसऱ्याने बसायचं ती. व्हेकंट नोकरी म्हणजे जिच्यासाठी अर्ज मागवतात ती. त्या शब्दात पुढच्या माणसाला बोलावणं असतं. आपण माझ्या दारावर लाल अक्षरांत 'या' असं लिहून ठेवलं आहे, आणि लोक येऊ लागले आहेत.

आणि आपला तो कागद डकवणारा माणूस. तो सारखा खोकतो. खळ लावता लावता तो पुटपुटला, "असतील तर असतील बाई, आपण काय करणार." म्हणजे त्याला शंका होती. शंका असताना डकवलं. याला काय म्हणायचं ते त्यालाच विचारा.

कागद काढा. मला भीती वाटते, हे मी सहसा लिहीत नाही.

तेवीस नंबरची भाडेकरू

*

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दारावर डकवण्यासाठी

बाई,

वरची ओळ पद्धतीची आहे, बाकीचं मी हाताने लिहितो आहे.

किल्लीचा प्रकार वाईट झाला. पोलीस चौकीला कळवलं. ते म्हणाले, व्हेकंट जागेत कोणी शिरलं तर मालकाने तक्रार करावी. मालक आमचं कार्यालय आहे. आम्ही तक्रार केली, तर खोली व्हेकंट आहे हे आम्हीच दुसऱ्यांदा लिहून दिल्यासारखं होतं. सध्या तिथे अडकलो आहे.

दोन गोष्टी विचारतो, राग मानू नका.

पहिली. मी मराठी शाळेत शिकलो. आमचा छापील तक्ता इंग्रजीत आहे, कुठून तरी जुना आला आहे. त्यात दोनच चौकटी आहेत: ऑक्युपाइड आणि व्हेकंट. दार उघडलं तर पहिली, नाही उघडलं तर दुसरी. आम्हाला कोणी याहून जास्त शिकवलं नाही. दार उघडलं नाही एवढंच माहीत असेल, तर त्याला इंग्रजीत कोणता शब्द आहे?

दुसरी. ३ तारखेला तुम्ही भाजीला गेला होता. मग आमचा माणूस खोकतो हे तुम्हाला कसं कळलं? तो पुटपुटला ते कसं ऐकलंत? आणि कागद लागल्याची वेळ मिनिटासकट कोणी सांगितली? आमच्या वहीत नुसतं 'सकाळी' आहे.

पाहणी विभागप्रमुख

*

शनिवार, १५ फेब्रुवारी

महोदय,

आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो प्रश्न शहाण्या माणसाचा आहे.

अनऑक्युपाइड म्हणजे सध्या त्या जागेचा कोणी वापर करत नाही. मालक गावाला गेला, घर अनऑक्युपाइड. त्याची चप्पल आतच आहे. डेझर्टेड म्हणजे कोणीतरी सोडून गेलं. त्यात गेलेल्याची आठवण असते, कधी दोषही असतो. अनइनहॅबिटेड बेटाला म्हणतात, डोंगराला म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीला म्हणाल तर लोक हसतील. यांतलं एकही आपल्या कामाचं नाही. आपल्याला जे माहीत आहे त्याला आमच्या एक्स्चेंजमध्ये 'नो रिप्लाय' म्हणत. घंटा वाजते, कोणी उचलत नाही. आम्ही पावतीवर तेवढंच लिहायचो. पलीकडे माणूस नाही, असं लिहायचा अधिकार आम्हाला नव्हता. आंघोळीला गेलेला असेल, बहिरा असेल, भांडून बसला असेल, मेला असेल. नवीन मुलीने एकदा 'नोबडी देअर' लिहिलं, तर मी तिला दिवसभर बोर्डावर बसू दिलं नाही. पलीकडचा माणूस रात्री फोन करून ओरडला होता, की मी काय भूत आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही. कान माझे आहेत. त्यांची पाहणी करायला कार्यालयाने माणूस नेमलेला नाही.

कालचं ऐका. दुपारी एक नवरा-बायको आले. आवाजावरून नवीन लग्न झालेलं. दाराबाहेर मापाची टेप सरसरली. ती म्हणाली, "दार अरुंद आहे हो, कपाट आत कसं जाणार?" तो म्हणाला, "सुटं करून नेऊ." ती म्हणाली, "आधीचे लोक काय करत होते कोण जाणे." आधीचे लोक कपाटाला टेकून उभे होते आणि तोंडावर पदर दाबून धरत होते, खोकला येऊ नये म्हणून. ती दोघं चांगली माणसं असावीत, इमारत पडणार हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. जाताना ती म्हणाली, "खिडकीत झाड लावीन." चोराची भीती वेगळी. तो नेऊन नेऊन काय नेईल. ही पोरगी माझ्या खिडकीत झाड लावणार आहे आणि तिच्या मनात काही वाईट नाही.

संध्याकाळी पाचला आणखी एकजण आला. माझ्या उंबऱ्याशी जड पिशवी ठेवली आणि दोन तास जिन्यावर बसून राहिला. मग निघून गेला. पिशवी घेऊन गेला की ठेवून, हे मला आज सकाळी सातपर्यंत कळलं नाही. घेऊन गेला होता.

अठ्ठावीस तारखेला तेरा दिवस आहेत.

तेवीस नंबरची भाडेकरू

*

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दारावर डकवण्यासाठी

बाई,

शब्दांचा तुमचा कागद मी आमच्या खोलीत वाचून दाखवला. 'नो रिप्लाय'ची तिसरी चौकट छापून घेऊ, असा कारकुनाने चहाच्या वेळेत ठराव मांडला. वरचे लोक ऐकणार नाहीत, पण ठराव झाला.

आता कामाचं. काल, सोमवारी, सकाळी अकरा वाजता मी भेटी देणाऱ्या, खोकणाऱ्या आमच्या पाहणीसांना पुन्हा तुमच्याकडे पाठवलं. त्यांनी फक्त तुमचं तोंड बघायचं आणि पहिल्या चौकटीत खूण करायची, एवढंच होतं. त्यांनी तीन वेळा ठोठावलं. "गृह कार्यालयाकडून आलोय, बाई, तुमच्याच कामासाठी," असं सांगितलं. दहा मिनिटं थांबले. दार उघडलं नाही.

परत आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की दाराखालच्या फटीत उजेड होता आणि त्या उजेडात दोन पावलांची सावली होती. सावली हलली नाही. ते म्हणाले, "साहेब, कोणीतरी दाराच्या पलीकडे माझ्यापासून हातभर अंतरावर उभं होतं. श्वास ऐकू येत होता. मलाच भीती वाटायला लागली."

तक्त्यात सावली लिहायला जागा नाही. मला तोंड लागतं, बाई. तुमच्या बाजूने लढायला मी तयार आहे, पण दार तुमच्या बाजूने उघडतं.

ती सावली तुमची होती का?

पाहणी विभागप्रमुख

*

गुरुवार, २० फेब्रुवारी

महोदय,

होय.

दोन दिवस हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे. आता जे येईल ते येऊ दे.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या दारावर थाप पडली. "विजेच्या कार्यालयातून आलोय," असं कोणीतरी म्हणालं. गळ्यात ओळखपत्र, हातात वही, खिशाला पेन. बोलणं अदबशीर. मी दार उघडलं. त्याने पायाने दार ढकललं, माझा उजवा हात पिरगळला आणि मला माझ्याच खुर्चीत बसवलं. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग तो चाळीस मिनिटं माझ्या घरात फिरला. एकदाही आवाज चढवला नाही. "आजी, पाणी हवंय का?" असंही विचारलं, आणि माझ्याच माठातलं पाणी मला आणून दिलं. बांगड्या काढताना म्हणाला, "दुखत असेल तर सांगा." जाताना दार ओढून घेतलं आणि म्हणाला, "असं कोणालाही दार उघडू नये, आजी. दिवस वाईट आहेत."

मनगट जुळलं. पण तेव्हापासून दारावर थाप पडली की माझे पाय दारापर्यंत जातात आणि हात वर उठत नाही. कडीपर्यंत जातच नाही. जीभ टाळ्याला चिकटते. मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. बाहेर जाता येतं. बाजारात मी भांडते, रांगेत पुढे घुसणाऱ्याला मागे पाठवते, आपल्या कारकुनालाही सोडलं नाही. पण बाहेर कोणी उभं असलं की आतून दार उघडता येत नाही. भाची दूरच्या शहरात असते. ती म्हणते, "बरंच आहे मावशी, उघडूच नकोस, नाहीतर माझ्याकडे ये." तिच्या घरी मला एक कोपरा मिळेल. इथे माझं घर आहे.

तेव्हा भाजीची गोष्ट खोटी. ३ तारखेला मी दाराच्या आत होते. खळीचा ब्रश माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर खालीवर होत होता. ९ जानेवारीलाही मी आत होते आणि १६ जानेवारीलाही. आपल्या माणसाची हाक मी ऐकली होती. ज्या बाईने सगळ्यांना खडसावलं, ती दाराआड थरथरत होती, हे लिहायची लाज वाटली. म्हणून खोटं लिहिलं. त्याबद्दल माफी मागते. मी माफी क्वचित मागते, तेव्हा नीट जपून ठेवा.

आता आपली पाळी.

त्या मे महिन्यापासून मी वही ठेवते. एक्स्चेंजची सवय. दारावर पडलेली प्रत्येक थाप: तारीख, वेळ, किती वेळा, काय म्हणाले. ९ जानेवारी, अकरा दहा, तीन थापा, खोकला. १६ जानेवारी, अकरा पंधरा, चार थापा, खोकला. मग मला कळून चुकलं की हा माणूस दर गुरुवारी येणार. २३ जानेवारीच्या गुरुवारी मी सकाळी नऊ वाजता दाराजवळ खुर्ची टाकून बसले. ठरवलं होतं, आज उघडायचंच. कडीवर हात ठेवून बसले, म्हणजे तो मागाहून उचलावा लागू नये. दुपारी जेवले नाही. साडेतीनला मी त्या खुर्चीत होते. पाचलाही होते. संध्याकाळी सातला हात बधिर झाला म्हणून उठले.

कोणी आलं नाही. एकही थाप नाही. जिन्यावर पाऊलसुद्धा नाही.

आपल्या वहीत तिसरी भेट आहे. माझ्या वहीत नाही. मी घरात असून नाही म्हणाले. आपण न येता आलो म्हणालात. माझ्या खोट्याने कोणाचं घर जात नाही.

खुलासा करा.

तेवीस नंबरची भाडेकरू

*

शनिवार, २२ फेब्रुवारी

बाई,

हे दारावर डकवण्यासाठी नाही. मी स्वतः तुमच्या जिन्यावर आलो आणि दाराखालून सरकवलं. ठोठावलं नाही.

तिसरी भेट झाली नाही.

पाहणीस साठीला आले आहेत. गुडघे गेलेले. दोन भेटींत दार उघडलं नाही, तर तिसरी भेट टेबलावर बसून लिहायची, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. त्यांनी सुरू केली नाही आणि मीही नाही. मी नवीन होतो तेव्हा मला असंच शिकवलं: पहिल्या दोन पायांच्या, तिसरी पेनाची. तारीख गुरुवारची टाकायची, वेळ दुपारची, म्हणजे वेगवेगळ्या वेळी गेलो असं दिसतं. खाली सही माझी असते. आजवर मी कधी विचारलं नाही.

तुमचं पत्र वाचल्यावर मी या इमारतींची यादी काढली. तुमच्यासारख्या एक्केचाळीस खोल्या आहेत. काल संध्याकाळी घरी जाता जाता त्यांतल्या दोन दारांवर गेलो. पहिल्या दारामागे खरंच कोणी नव्हतं. दुसऱ्या दारावर पंधरा मिनिटं उभा होतो, मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. चालायला काठी लागते, दारापर्यंत यायला तेवढा वेळ लागतो. आमचा माणूस पाच मिनिटं थांबतो. त्यांच्या दारावरचा लाल कागद त्यांनी वाचलेला नव्हता, कारण ते महिनाभर घराबाहेर पडलेच नव्हते. "कसला कागद?" असं विचारत होते. मला रात्री झोप लागली नाही. जेवणही गेलं नाही. बायको म्हणाली, ऑफिसात कोणी वारलं का.

आता तुम्हाला काय सांगू? तुम्ही लेखी तक्रार केलीत तर तिसरी भेट उघडी पडेल. पाहणीस एप्रिलअखेर निवृत्त होणार आहेत, त्यांचं निवृत्तिवेतन अडेल. माझं काय होईल माहीत नाही. नाही केलीत, तर २८ तारखेला सील करणारं पथक येईल. ते दुसऱ्या विभागाचं आहे, माझं ऐकत नाही. ते ठोठावत नाहीत. व्हेकंट लिहिलेल्या दारावर ठोठावायचं कारण काय, असं ते म्हणतात. बाहेरून पट्टी आणि कुलूप लावून जातात. तुम्ही आत असाल आणि बोलला नाहीत, तर

हे वाक्य पूर्ण करवत नाही.

एकच रस्ता उरतो. २७ तारखेपर्यंत नवी भेट, दार उघडलेलं, पहिल्या चौकटीत खूण. मी स्वतः येईन. म्हणाल त्या वेळी. पण उघडावं तुम्हालाच लागेल. बाहेरून मला काही करता येत नाही.

मावशी, मी विनंती करतो.

पाहणी विभागप्रमुख

*

सोमवार, २४ फेब्रुवारी

महोदय,

मी तुमच्या आईची बहीण नाही. मावशी म्हणून गूळ लावू नका. बाई पुरे.

पत्र दाराखालून आलं तेव्हा मी तिथेच होते. तुमचे बूट पाहिले. डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती. तुम्ही तीन मिनिटं उभे होता आणि ठोठावलं नाही, याबद्दल आभार.

तक्रारीचं सांगते. पाहणीसांचं निवृत्तिवेतन मला नको आहे. ज्याला जिना चढवत नाही त्याला वर्षानुवर्षं जिन्यांचंच काम देणारे तुम्ही लोक आहात. पण माझी एक खोली वाचवून गप्प बसायचा सौदाही मला नको आहे. उरलेल्या एकोणचाळीस दारांवर तिसरी भेट पायांनी व्हायला हवी. काठीवाल्या गृहस्थांच्या चौकटीतली खूण शनिवारीच बदलली असेल, असं मी धरून चालते. बदलली नसेल तर हे पत्र खाली ठेवा आणि आधी ते करा. ही एकोणचाळीस दारं झाली नाहीत, तर मी माझ्या वहीची नक्कल तुमच्या वरच्या लोकांना पाठवेन, आणि तेव्हा कोणाच्या गुडघ्यांचा विचार करणार नाही. दरेक दारावर वीस मिनिटं थांबा. पाच मिनिटांत उघडणारी माणसं आधीच दुसरीकडे गेली आहेत.

आता माझं दार.

शनिवारपासून मी सराव करते आहे. सकाळी बाहेर जाऊन परत येते, कडी लावते, आणि मग बाहेर कोणी उभं आहे असं समजून काढते. पहिल्या दिवशी निघाली नाही. काल निघाली, पण बाहेर कोणी नाही हे मला माहीत होतं. आज दुपारी जिन्यावर पुन्हा पावलं आली, मापाची टेप सरसरली. मी उठले, कडीला हात लावला, आणि तिथेच खाली बसले. कपाटवाली पोरगी नवऱ्याला म्हणत होती, "आत काहीतरी पडलं का हो?" तो म्हणाला, "उंदीर असेल." ते गेल्यावर मला बराच वेळ उठता आलं नाही.

तेव्हा खात्री देत नाही. गुरुवारी माझी पाचावर धारण बसणार हे मला आजच दिसतं आहे. तुम्ही ठोठावाल आणि मला तो वहीवाला दिसेल, त्याची नखं दिसतील. तरी उघडेन. उघडल्यावर तुमच्याशी धड बोलता आलं नाही, तर ते गृहीत धरा. तोंड बघा, खूण करा आणि मागे व्हा. आत येऊ नका. चहा विचारणार नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी, सकाळी अकरा. तुम्ही एकटे. हातात वही नको, तक्ता खिशात घडी करून आणा. गळ्यात काही अडकवू नका. थाप एकदाच. मग बोलत राहा, कशाहीबद्दल, हवापाण्याबद्दल बोला, तुमच्या कारकुनाला शिव्या द्या, म्हणजे आवाज जागचा हलला नाही हे मला कळेल. "आपल्याच कामासाठी आलोय" हे वाक्य मात्र म्हणायचं नाही.

या अटी मान्य आहेत असं लेखी उत्तर बुधवार, २६ फेब्रुवारीला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या दाराखालून आत आलं पाहिजे. डकवलेलं चालणार नाही. लांबलचकही नको. तुम्ही येणार, तुम्हीच येणार, आणि अकरा वाजता येणार, एवढं तुमच्या अक्षरात लिहून खाली सही करा. या वेळची सही बघून करा. पाच वाजेपर्यंत उत्तर आलं नाही, तर गुरुवारी ठोठावणारा कोणीही असला तरी दार उघडणार नाही, कारण इतका धीर मला दुसऱ्यांदा गोळा करता येणार नाही.

तेवीस नंबरची भाडेकरू